इस्तंबूल: दगडात कोरलेल्या कविता कुठे बघाव्यात?

गोदाकाठ:
मंडळी, पुढच्या महिन्यात इस्तंबूलला चाललोय. ओटोमन सुलेखन बघायचंय, पण मशिदीतल्या आयती सगळेच दाखवतात, मला कोरलेल्या कविता बघायच्यात. नांदेडला वाढल्यामुळे उर्दू बऱ्यापैकी वाचतो, त्याचा काही उपयोग होईल का? टूरवाल्यांच्या नादी लागायचं नाहीये.

शाईचा_डाग:
मशिदी सोड, पाणपोया बघ. तोपकापी राजवाड्याच्या मुख्य दरवाज्याबाहेर सुलतान तिसऱ्या अहमदची पाणपोई आहे, 1728 ची, तिच्यावर सय्यिद वेहबीची कविता चारी बाजूंनी फिरवलीय. शेवटची ओळ खुद्द सुलतानाची म्हणतात, बिस्मिल्ला म्हणून पाणी पी नि अहमद खानासाठी दुआ माग, असं काहीसं. आता अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा असतो, ओळीतल्या त्या आकड्यांची बेरीज करून त्यातून बांधकामाचं साल निघायला हवं, 1141 हिजरी, आणि सुलतानाच्या ओळीत नेमके चार कमी पडत होते. मग वेहबीने पुढे 'आच' म्हणजे 'उघड' जोडलं, 'अलिफ' अक्षराचा एक नि 'चे' अक्षराचे तीन, झालं काम, वर तोटी उघड असाही अर्थ बसला! किस्सा खरा असो नसो, हिशोब बरोबर येतो.

उनाडटप्पू:
आणि हागिया सोफिया मशिदीतल्या गोल पाट्या? साडेसात मीटरच्या आहेत राव, काझास्कर मुस्तफा इज्जतने लिहिलेल्या.

शाईचा_डाग:
भारीच आहेत, पण त्यावर नावं आहेत, कविता नाही. त्याला कविता हवीय.

वळणदार:
उर्दूचा फायदा होणार. अशा कविता बऱ्याचदा तालीक नावाच्या वळणात असतात, आपली उर्दू ज्यात लिहितात त्या नस्तालीकच्या घरातलंच, त्यामुळे अक्षरं लागतील पण भाषा जुनी तुर्की, अर्थ लागेलच असं नाही. तुर्कीची लिपी 1928 ला अरबीवरून रोमन झाली, तेव्हा रस्त्यावर कुणाला विचारून उपयोग नाही. येसारीझादे मुस्तफा इज्जतची सही दिसली तर मात्र थांबच, तालीकमध्ये माझ्या मते त्याच्या तोडीचं कोणी नाही (वरचा मुस्तफा इज्जत वेगळा, लोक घोळ घालतात).

गोदाकाठ:
पण एवढी मोठी अक्षरं थेट दगडावर लिहायचे?

वळणदार:
छे, आधी कागदावर. मग अक्षरांच्या कडेने सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, भरतकामाचा खाका उतरवतात ना तसंच. मग पाथरवट अक्षरांभोवतीचा संगमरवर काढून टाकतो, अक्षरं वर उठून राहतात, त्यावर सोन्याचा मुलामा. आधी एमिरगानच्या साकिप सबांजी म्युझियममध्ये कागदावरचं काम बघ, मग पाणपोया. आणि छोटी दुर्बीण घे, ओळी बऱ्याच उंचावर असतात.