ही आमची आई नव्हे

छोटी: सगळ्यांनी बघा!! आजीचा तो घडी पडलेला ग्रुप फोटो ॲपमध्ये टाकला, त्यातली आजी कापून घेतली आणि दोन मिनिटांत हे आलं. डोळे किती क्लिअर आहेत बघा

आई: अगं बाई किती छान. डाग सगळे गेले की

काका: वा वा. मोठा करून फ्रेम करू. रंगीत पण होतो का गं

मोठी आत्या: फोटो सुंदर आलाय पण ही आमची आई नव्हे

छोटी: म्हणजे काय आत्या

मोठी आत्या: म्हणजे बाई दिसायला चांगली आहे. पण आईचे पुढचे दात जरा वर होते म्हणून ती ओठ आत घेऊन बसायची फोटोला, कायम. ही तर टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतात तशी हसतेय

काका: ताई तुझं काहीतरीच असतं

दादा: काका नाही, आत्याने बरोबर पकडलंय. छोटे रागावू नकोस पण हे ॲप चेहरा साफ करत नाही, नवीन काढतं. तू जो फोटो वापरलास तो ग्रुपवर फिरून फिरून पार चपटा झालेला, म्हणजे दाबून दाबून लहान झालेला, त्यात आजीचं डोकं मी आत्ता मोजलं तर ६० पिक्सेल आहे फक्त, एवढ्याशात पापण्या कुठून येणार आणि दात कुठून येणार, मग ते ॲप जे हजारो दुसरे चेहरे बघून शिकलेलं असतं त्यातून साधारण असं असेल म्हणून भरून टाकतं. म्हणून सगळ्यांच्या आज्या थोड्या थोड्या एकमेकींसारख्या दिसायला लागतात

छोटी: अरे पण फोटो तर हाच आहे ना आपल्याकडे

दादा: नाही, मूळ प्रिंट माझ्याकडे आहे, ६ बाय ८ इंची. त्यात आजीचा चेहरा शर्टाच्या बटणाएवढा, एक सेंटिमीटर धर. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की तेच २३६ पिक्सेल होतात. ६० कुठे आणि २३६ कुठे

आई: मग अजून वाढव की, दोन हजार कर

दादा: काकू, कागदावर असेल तेवढंच येतं. जुन्या प्रिंटला ६०० च्या पुढे बहुतेक वेळा नुसता कागदाचा पोतच मोठा होऊन दिसतो आणि फाईल फुगते. निगेटिव्हची गोष्ट वेगळी, ३५ एमएमची पट्टी एवढुशी असते पण तिच्यात प्रिंटपेक्षा जास्त माल असतो, ती तीन-चार हजार डीपीआयला स्कॅन करतात. तेव्हा कोणाकडे जुन्या पट्ट्या असतील तर प्लीज प्लीज टाकून देऊ नका

काका: माझ्याकडच्या अल्बममधले फोटो निघतच नाहीत. ती चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायची पद्धत होती बघ

दादा: ओढू नका काका!! फाटतात. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा मिळतो, तो फोटो आणि पानाच्या मधून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा. आणि काचेला चिकटलेला असेल तर अजिबात हात लावू नका, काचेसकट स्कॅन करता येतो

काका: बरं. आणि ते रंगीतचं राहिलं

दादा: काळ्यापांढऱ्याचं ना? करता येतं पण तो अंदाजच. फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेत येऊ शकतात, त्यातून जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल दिसायचाच नाही, लाल कापड जवळपास काळं यायचं. मशीन काय सांगणार साडी कुठली होती

मोठी आत्या: हिरवी होती. मला आठवते

दादा: ते तुला माहितीये, ॲपला नाही. एकदा गंमत म्हणून करून बघितलं होतं, निळी केली त्याने

छोटी: बरं बाबा चुकलं माझं. तुझा फोटो टाक मग, नुसतं लेक्चर देतोयस

दादा: टाकतो. चार रविवार बसलोय त्याच्यावर. कपाळावरून जी घडी गेलीय ना, तिथे कागदाचा वरचा थर तडकून आतला पांढरा दिसत होता, ते सगळं हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूचा भाग घेऊन डाग बुजवणाऱ्या टूलने, एकेक ठिपका करत भरलंय, चेहऱ्यात काहीही नवीन घातलेलं नाही

(फोटो)

आई: छान रे. खरंच आजी

छोटी: ओके, हे भारी आहे. मान्य

मोठी आत्या: ओठ बरोबर आहेत. पण भुवई?

दादा: भुवईला काय झालं

मोठी आत्या: तिची उजवी भुवई मधे तुटलेली होती. लहानपणी उंबऱ्यावर आपटली होती, टाके पडले होते, तिथे केस कधी आलेच नाहीत. ते कुठे गेलं

दादा: थांब बघतो

दादा: अरे देवा

छोटी: काय झालं काय झालं

दादा: मीच पुसलंय. भुवईत आठ-दहा पिक्सेलची तिरकी पांढरी फट होती, घडीच्या रेषेला अगदी लागून, मला वाटलं तोही तडकलेला भाग आणि भरून टाकली. आता प्रिंट खिडकीत नेऊन उजेडात आडवी तिरकी धरून बघितली तर घडी जिथे आहे तिथे कागद उचललाय, बारीक सावली पडते, आणि भुवईतल्या त्या रेषेवर काहीच नाही, एकदम गुळगुळीत. म्हणजे ती फोटोतच आहे, फोटोवर नाही. हे आधी करायचं असतं, मी नुसतं स्क्रीनवर बघत बसलो

छोटी: हा हा हा चार रविवार!! चेहऱ्यात काहीही नवीन घातलेलं नाही म्हणे

दादा: हस हस. नशीब सगळं वेगळ्या लेयरवर केलंय, म्हणजे स्कॅनच्या वर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, खालचा स्कॅन तसाच आहे, मूळ फाईलवर कधीच काम करायचं नाही हे एक तरी पाळलं. तेवढाच तुकडा पुसतो लेयरमधला

(फोटो)

मोठी आत्या: हां. ही आई

काका: मला तर ही भुवईची खूण माहीतच नव्हती इतक्या वर्षांत. म्हातारपणी तर भुवया विरळच झाल्या होत्या तिच्या

मोठी आत्या: तुला कशी दिसणार, तू कायम तिच्या डाव्या कडेवर

दादा: काका मूळ स्कॅन डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय, फोटो म्हणून पाठवला की परत चपटा होईल. ३५ एमबी आहे, वायफायवर असाल तेव्हाच उतरवा