सेमिस्टर अर्ध्यात सोडलं की एड (सरकारी आर्थिक मदत) परत द्यायची, हा नियम आजारी मुलांना पण लावायचा का?

सानवीची आई:
मुलगी इथेच अमेरिकेत जन्मलेली, फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भरून पेल ग्रँट (एरवी न फेडायची मदत) आणि फेडरल (केंद्र सरकारचं) लोन मिळालं आणि ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं. सप्टेंबरमध्ये तिला मोनो (एक विषाणूचा आजार) झाला, ताप उतरेना, डॉर्मचा एक जिना चढली की बसून राहायची. शेवटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मीच म्हटलं की बाई घरी ये, सेमिस्टर सोड, तब्येत आधी. तिने विथड्रॉवलचा फॉर्म भरला आणि आम्ही तिला घेऊन आलो. तीन आठवड्यांनी कॉलेजच्या पोर्टलवर लाल अक्षरात ३,००० डॉलर बाकी. आम्हाला वाटलं चूक झाली, फी तर एडमधून कधीच भरली होती. फोन केला तर म्हणे सरकारचे पैसे आम्ही परत पाठवले, आता ती फी तुम्ही भरा. मला हे अन्यायाचं वाटतं, अगदी मनापासून सांगते. पोरगी मजा करायला घरी आली नाहीये. गरज आहे म्हणून दिलेली मदत, ती सगळ्यात जास्त गरज असतानाच काढून कशी घेतात?

ओहायोकर:
ताई, लेकीला लवकर बरं वाटू दे. पण नियमाबद्दल माझं मत वेगळं आहे. एड ही पूर्ण सेमिस्टर शिकण्यासाठी असते, जेवढे दिवस शिकलात तेवढी तुमची, यात अन्याय काय? पैसे हातात पडले की गायब होणारी मुलं पण असतात आणि काही कॉलेजं अशीही होती की नाव नोंदवून घ्यायचं, सरकारी पैसे उचलायचे आणि पोरगं टिकतंय की नाही ते बघायचंच नाही. आत्ताचा हा दिवसांच्या प्रमाणाचा हिशोब १९९८ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने आलाय, तो उगाच नाही आला. मीही टॅक्स भरतो, न झालेल्या शिक्षणाला पैसे का जावेत?

एडखिडकी:
मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात ९ वर्षं आहे, म्हणून जरा आकड्यांत सांगते. धरा सेमिस्टर ११० दिवसांचं (५ किंवा जास्त सलग दिवसांची सुट्टी यातून वगळतात, शनिवार-रविवार मोजतात). मुलीने ४४ व्या दिवशी सोडलं, म्हणजे ४० टक्के झालं. एड धरू ५,७५० डॉलर, त्यात पेल ३,००० आणि लोन २,७५०. मग २,३०० तिचे, ३,४५० "न कमावलेले". आता कॉलेजची फी ५,००० असेल तर कॉलेज त्या फीच्या ६० टक्के (सेमिस्टरचा जेवढा भाग राहिला तेवढे) म्हणजे ३,००० सरकारला परत पाठवतं, आणि त्याला ४५ दिवसांची मुदत असते. आधी लोन परत जातं, सगळे २,७५०, मग पेलमधले २५०. उरले ४५० मुलीच्या वाट्याचे, पण ग्रँटच्या बाबतीत निम्म्या रकमेपर्यंत विद्यार्थ्याला संरक्षण आहे त्यामुळे ते तिला द्यावे लागत नाहीत. आणि सेमिस्टरचा ६० टक्क्यांच्या पुढचा दिवस, या हिशोबात ६७ वा, तो गाठला की सगळी एड तिची, एक पैसा परत नाही.

सानवीची आई:
अहो आमचे आकडे जवळजवळ हेच आहेत! म्हणजे ३,००० ती कॉलेजला देणं लागते, सरकारला नाही?

एडखिडकी:
बरोबर. आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. सरकारचं घड्याळ ६० टक्क्यांपर्यंत रोज थोडं थोडं चालतं. कॉलेजचं फी परतीचं घड्याळ बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच बंद होतं. त्या दोन तारखांच्या मधे जो सोडतो त्याच्यावर बिल येतं, कारण कॉलेज स्वतःची फी एक डॉलर कमी करत नाही आणि एड मात्र परत गेलेली असते.

ओहायोकर:
हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण तरी बघा, लोन तर कमी झालं ना २,७५० ने. ते कधीतरी फेडायचंच होतं.

सानवीची आई:
नाही हो, इथेच मला राग येतो. ते लोन शिक्षण संपल्यावर ६ महिन्यांनी सुरू होणार होतं, हप्त्याने, आणि पगार कमी असेल तर उत्पन्नाप्रमाणे फेडायची सोय. त्याच्या जागी आलं आत्ताच्या आत्ता भरायचं ३,००० चं बिल. नाही भरलं तर पुढच्या सेमिस्टरला रजिस्ट्रेशनच बंद, आणि मग वसुलीवाल्यांकडे. १८ वर्षांची पोरगी, अजून दुपारी दोन तास झोपल्याशिवाय तिचा दिवस जात नाही, ती कुठून आणणार? कमी झालं म्हणता तुम्ही, पण सोपं कर्ज जाऊन अवघड कर्ज आलंय.

वाळूतलं_घर:
मी आजारी नव्हतो, तरी लिहितो. दोन वर्षांपूर्वी वडिलांची नोकरी गेली म्हणून मी रात्रपाळी धरली आणि हळूहळू क्लासला जायचंच बंद झालं, कोणाला सांगितलं नाही, फॉर्म भरला नाही, वाटलं नापास होऊ फार तर. सगळ्या विषयांत एफ आले. मग कॉलेजने विचारलं की हे एफ शेवटपर्यंत बसून मिळवलेत की मधेच सोडलंत, आणि शेवटच्या हजेरीचा पुरावा नाही म्हटल्यावर सेमिस्टरचा मध्य धरून ५० टक्के लावले. बिल तर आलंच, वर सॅप गेलं, म्हणजे घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण ६७ टक्के पास व्हावी लागतात ती अट तुटली आणि पुढची एड थांबली. अपील करून परत मिळाली, वडिलांच्या नोकरीची कागदपत्रं जोडली होती. ओहायोकर म्हणतात तसा मी पैसे घेऊन पळणारा दिसत असेन कागदावर. तसा नव्हतो.

ओहायोकर:
भाऊ, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते, आणि लागलं असेल तर माफ करा. पण मग तुम्हीच सांगा, नियम तरी काय करायचा? तब्येतीची सूट दिली की प्रत्येकजण डॉक्टरची चिठ्ठी आणेल. आणि खरं सांगू, मला नियमापेक्षा घरातल्या न बोलण्याची जास्त काळजी वाटते. इथे कॉलेज प्रायव्हसीच्या कायद्यामुळे मुलाच्या परवानगीशिवाय सहसा आईबापाला काही सांगत नाही. माझा मुलगा गेल्या वर्षी जॉइन झाला तेव्हा मी त्याला हेच सांगितलं की मार्क कमी पडू देत, पण कॉलेज सोडावंसं वाटलं तर फॉर्म भरायच्या आधी मला फोन कर. विचारलं असतं तर हे टळलं असतं, ताईंच्या बाबतीतही.

सानवीची आई:
कोणाला विचारायचं होतं? फॉर्म रजिस्ट्रारचा, त्यावर सही ॲडव्हायझरची, एड ऑफिसचा त्यावर उल्लेखही नव्हता. मी तिच्या शेजारी बसून तो फॉर्म वाचलाय. तारीख, विषय, कारण. कारणाच्या रकान्यात तिने "आजारपण" लिहिलं आणि त्या रकान्याचा पैशाच्या हिशोबात काहीच उपयोग नाही हे मला नंतर कळलं. आणि सूट देता येतच नाही असं नाहीये. २०२० मध्ये कोविडमुळे ज्यांना सोडावं लागलं त्यांची एड परत पाठवायची नाही असा कायदा इथल्या काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) केलाच होता. साथीचा आजार असेल तर माफ आणि एकटीला झाला तर नाही?

एडखिडकी:
या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने आहे, आणि ऑफिसात बसून हे म्हणणं सोपं नसतं. प्रमाणाचा नियम मला चुकीचा वाटत नाही. पण कॉलेजने स्वतःची फी चौथ्या आठवड्यानंतर पूर्ण ठेवायची आणि एड मात्र प्रमाणात परत द्यायची, हा सगळा भार मुलावर टाकणं चुकीचं आहे. कॉलेजनेही त्याच प्रमाणात फी सोडावी. निदान विथड्रॉवलच्या फॉर्मवर सही घेण्याआधी त्या दिवशीचा आकडा छापून हातात द्यावा, आमच्या सिस्टीमवर तो पाच मिनिटांत निघतो. बरीच मुलं आकडा बघून म्हणतील की दोन विषय ठेवतो, बाकीचे सोडतो, कारण एक विषय जरी चालू राहिला तरी हा परतीचा हिशोब सहसा लागत नाही. (पण ६ क्रेडिटच्या खाली गेलं की लोनचे ते ६ महिने मोजायला सुरुवात होते, हे लक्षात ठेवा.)

ओहायोकर:
फी प्रमाणात सोडावी याला माझा पाठिंबा. हे टॅक्स भरणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. तब्येतीच्या सरसकट सवलतीला मात्र नाही, तिथे मी अजून तिथेच आहे.

एडखिडकी:
ताई, दोन गोष्टी लगेच करा. कॉलेजकडे फी माफीसाठी मेडिकल अपील असतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं पण मुदत छोटी असते. दुसरं, फॉर्मनंतर मुलीने काही अभ्यासाचं काम दिलं होतं का? क्विझ, असाइनमेंट, लॅब? त्याची नोंद असेल तर कॉलेज शेवटचा दिवस म्हणून ती पुढची तारीख धरू शकतं. धरायलाच हवी असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

सानवीची आई:
तिला आत्ता विचारलं. फॉर्म भरल्यावर चौथ्या दिवशी तिने केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट अपलोड केला होता, अंथरुणात बसून, म्हणे पार्टनरचे मार्क जायला नकोत म्हणून. म्हणजे ४४ च्या जागी ४८ वा दिवस?

एडखिडकी:
४३.६ टक्के. बिल २,८२० वर येईल, १८० डॉलर कमी. अपलोडच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर नको, ईमेलनेच पाठवा.