मदत हवी आहे: आजीच्या ओव्या असलेली हार्ड डिस्क जायला आलीये. एसएसडी कोणती घेऊ, बॅकअप कशावर ठेवू?

गावभाग_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

घरात २०१४ साली जोडून घेतलेला कॉम्प्युटर आहे. चौथ्या पिढीचा आय-३, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. महिनाभर झाला, सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घेतोय. गेल्या रविवारी एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घेत होते, तर मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं काहीतरी येऊन कॉपी थांबली. भाच्याने फोनवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. त्यात पिवळ्या चौकोनात 'कॉशन' दिसतंय आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीपुढे १०.

नुसता घरचा हिशेब नि फोटो असते तर इतकी घाबरले नसते. माझ्या बाबांनी १९८८ ते १९९६ या काळात आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून ठेवल्या होत्या. साठ मिनिटांच्या ३८ कॅसेट. आजी गेली, बाबाही गेले. लॉकडाउनमध्ये मी एकेक कॅसेट लावून सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, वेव्ह फाइली, एकूण २४ जीबीच्या आसपास. त्या याच डिस्कवर आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. कॅसेट आहेत अजून, पण काहींना बुरशी लागलीये.

दुकानात गेले तर ते म्हणाले, "मदरबोर्डवर एनव्हीएमईची जागा नाही, पण कार्ड लावून बसवून देतो. जुनी डिस्क फॉरमॅट मारून बॅकअपला वापरा." आणि एसएसडी घेतली की पुढे बॅकअपची गरज नाही, असंही म्हणाले. (एसएसडी म्हणजे हलणारे भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क आणि एनव्हीएमई हा तिचा जास्त वेगाचा प्रकार, इतकंच मला कळलंय.) मला हे पटलं नाही, पण का पटलं नाही तेही नीट सांगता येईना.

एकूण डेटा २१२ जीबी. बजेट १५ हजार, फार तर १८. एसएसडी सॅटा (नेहमीच्या हार्ड डिस्कच्या केबलवर चालणारी) की एनव्हीएमई? किती जीबीची? बॅकअपसाठी पुन्हा एसएसडीच की साधी हार्ड डिस्क? आणि आत्ता, आज रात्री, मी काय करू?

---

जुना_तंत्रज्ञ

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. कॉम्प्युटर बंद करा आणि नवी डिस्क हातात येईपर्यंत चालू करू नका. फॉरमॅट तर कोणी कितीही सांगितलं तरी नाही. चेकडिस्क, डीफ्रॅग, 'डिस्क रिपेअर' करणारी सॉफ्टवेअर, यातलं काहीही चालवू नका. आजारी डिस्कला ती सगळी पूर्ण पृष्ठभागावर पळवतात, वर त्यातली काही फाइलींच्या नोंदीही बदलतात.

तुम्हाला दिसलेला १० हा खरा १० नाही. ते सॉफ्टवेअर मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) आकडे दाखवतं, म्हणजे ते १६ सेक्टर, डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे, झाले. पेंडिंग याचा अर्थ डिस्कला ते वाचता येत नाहीयेत आणि तिने अजून त्यांच्यावर फुली मारलेली नाही. १६ हा आकडा काही भयंकर नाही. मात्र तो वाढतो की थांबतो ते बघत बसण्याची ही वेळ नाही. त्याच यादीत 'सीआरसी एरर काउंट' (केबलमधून माहिती येताना झालेल्या चुका) वाढलेला दिसला असता तर मी आधी सॅटा केबल बदला म्हटलं असतं. तुमचा दोष केबलचा नाही.

एक्सटर्नल डिस्क आणली की सगळ्यात आधी ओव्यांचा फोल्डर, मग फोटो, मग बाकीचं. रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करण्याची आज्ञा) वापरणार असाल तर पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या १ आणि मधली थांबण्याची वेळ १ सेकंद अशी आठवणीने द्या. काही दिलं नाही तर ती एकेका फाइलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. आजारी डिस्कचा त्यात जीव जाईल. आणि 'मिरर' हा पर्याय आत्ता हातही लावू नका, जिथे कॉपी करतोय तिथल्या, मूळ जागी नसलेल्या फाइली तो पुसतो.

ज्या फाइली येणार नाहीत त्यांची नावं इथे लिहा. त्यांच्यासाठी वेगळा उपाय आहे.

---

पेठनाका

एसएसडीबद्दल मी सांगतो, माझ्याकडे एच८१ च होता.

कार्ड लावून एनव्हीएमई बसवायच्या भानगडीत पडू नका. एनव्हीएमईचे जे सेकंदाला ३,५०० किंवा ७,००० एमबीचे आकडे डब्यावर असतात ते पीसीआय एक्सप्रेसच्या (बोर्डवर कार्ड लावायच्या खाचांच्या) तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या चार लेनवर मिळतात. एच८१ वर दुसरी पिढी आहे. छोट्या एक-लेनच्या खाचेत कार्ड लावलं तर जेमतेम ५०० एमबीची वाट मिळते, आणि तेवढा वेग साधी सॅटा एसएसडीही देते. त्यात त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांच्या बायॉसला (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमला) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. जास्त पैसे देऊन तेच मिळवायचं, वर डोकेदुखी.

सॅटा घ्या, अडीच इंची. या चिपसेटवर चार सॅटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले दोन ३ चे. बोर्डवर पोर्टाशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं, टॉर्च घेऊन बघा. ३ वाल्यात लावली तर वेग निम्म्यावर येईल. बायॉसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय आहे ना, तेही बघून घ्या.

२१२ जीबीला ५०० जीबीची पुरते. विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने, म्हणून. फसवणूक नाही.

कोणती, तर डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा. चिप टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी, स्वतःची डीरॅम (कुठे काय ठेवलंय याची नोंद ठेवणारी मेमरी) आहे की नाही, आणि वॉरंटी किती वर्षांची. क्यूएलसीच्या एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात. मोठी कॉपी सुरू असताना तिची तात्पुरती जलद जागा भरली की वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. टीएलसी, डीरॅम आणि ५ वर्षं असं जुळलं की बास. सॅमसंगची ८७० इव्हो आणि क्रुशियलची एमएक्स५०० या दोन्ही त्यात बसतात. ५०० जीबीच्या इव्होला ३०० टीबीडब्ल्यू (एकूण इतके टेराबाइट लिहिता येतील अशी कंपनीची मर्यादा) दिलेत, एमएक्स५०० ला १८०. या आकड्यांवरून लोक उगाच भांडतात. दिवसाला २० जीबी लिहिलेत तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. ३०० गाठायला ४१ वर्षं लागतील. जी बिलासकट अधिकृत वॉरंटीने मिळेल ती घ्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढेच आहेत, त्यामुळे एखादी फारच स्वस्त दिसली तर दोनदा विचार करा.

या मशिनवर याहून जास्त खर्च करू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. उद्या कॉम्प्युटर बदललात तरी ही सॅटा एसएसडी नव्यात किंवा यूएसबीच्या डबीत कामाला येईल.

---

वाचक_ठाणे

हार्ड डिस्क हवीच कशाला? एकच मोठी २ टीबीची एसएसडी घ्या. हलणारे भाग नाहीत, पडली तरी काही होत नाही. मी सगळं तिच्यावरच ठेवतो.

---

जुना_तंत्रज्ञ

दादा, रोजच्या वापराला बरोबर आहे. ठेवणीच्या डेटाला नाही.

हार्ड डिस्क बहुतेकदा सांगून जाते. ताईंची सांगतेच आहे, मंद होऊन, कॉपी अडवून. एसएसडीचा कंट्रोलर (तिचं सगळं काम चालवणारी चिप) गेला तर आदल्या रात्री चालत होती आणि सकाळी बायॉसमध्येही दिसत नाही, असं होतं. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळते. एसएसडीत ट्रिम चालू असतं, पुसलेली जागा ती मागच्या मागे रिकामी करून टाकते, मग काही हाती लागत नाही. तिसरं म्हणजे एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. घरगुती एसएसडीसाठीचं जेडेकचं (मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक असं की लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपलेली ड्राइव्ह वीज न देता ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष माहिती धरून ठेवायला हवी. नवी ड्राइव्ह याहून कितीतरी जास्त धरते, हे खरं. पण कपाटात ठेवून विसरायची वस्तू म्हणून मी तिच्यावर भरवसा टाकणार नाही. उष्णता वाढली की ती मुदत आणखी घटते.

चालवायला एसएसडी, साठवायला हार्ड डिस्क. आणि साठवायला एक नव्हे, दोन.

---

गावभाग_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणली आणि सांगितल्याप्रमाणे कॉपी केली. रात्री साडेनऊला लावलं, पहाटे संपलं. मी शेजारी बसून होते, लाइट जाऊ नये एवढंच मनात.

फोटो सगळे आले. ओव्यांच्या ७६ फाइलींपैकी (प्रत्येक कॅसेटची ए आणि बी बाजू) ७३ आल्या. क्रमांक ९ ची ए, १७ ची बी आणि ३१ ची ए या तीन नाही आल्या. १७ बी मध्ये आजी मध्येच थांबून बाबांना म्हणते, "आता बंद कर ते, पीठ सांडलं." तेवढंच तिचं साधं बोलणं आहे सगळ्या कॅसेटींत, बाकी सगळ्या ओव्याच. म्हणून वेगळा उपाय म्हणालात तो सांगा.

---

जुना_तंत्रज्ञ

७३ आल्या, फार चांगलं झालं. आता उरलेल्या तीन.

भाच्याला सिस्टिमरेस्क्यू नावाची लिनक्स पेन ड्राइव्हवर करून द्यायला सांगा. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडायची आणि डीडीरेस्क्यूने ती एकेक फाइल नव्या डिस्कवर घ्यायची. विंडोजची कॉपी पहिल्या वाईट सेक्टरपाशी अख्खी फाइल टाकून देते. डीडीरेस्क्यू तेवढा तुकडा सोडून पुढे जाते, आधी सोपं सगळं उचलते आणि मग अवघड जागांवर परत येते. कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्ये थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून नको. मॅप फाइलही नव्या डिस्कवरच ठेवा.

हे वेव्ह फाइलींबाबत का बरं ते सांगतो. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजात सेकंदाला १,७६,४०० बाइट असतात. ४,०९६ बाइटांचा एक तुकडा गेला तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा आवाज जातो. एक टकटक ऐकू येईल. ओवी जाणार नाही.

---

आवाजघर

मी कॅसेटी डिजिटल करण्याचं काम करते म्हणून थोडं.

ताई, बाबांचा टेपरेकॉर्डर मोनो असणार. तसं असेल तर तुमच्या स्टिरिओ फाइलींत दोन्हीकडे तोच आवाज दोनदा आहे. मूळ वेव्ह तशाच राहू द्या, त्यांना हात नको. त्यांच्यावरून मोनो प्रत करा, मग फ्लॅकमध्ये बदला. मोनो केल्यावरच २४ चे १२ जीबी होतात आणि फ्लॅकमध्ये आणखी कमी, आवाजातलं काहीही न गमावता. एमपी३ शेजारपाजाऱ्यांना पाठवायला ठीक, ठेवणीला नको. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा आतच असतो, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल शाबूत आहे का ते एका चाचणीत कळतं.

म्हणजे ओव्यांची एक प्रत गूगलच्या फुकट १५ जीबीतही मावेल. फक्त त्यातच तुमची जीमेल आणि फोटोही धरतात, म्हणून वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड घरात दोघांना माहीत असू द्या. खातं मधूनमधून उघडतही राहा.

---

पेठनाका

एक राहिलंच. ताई गावभागात राहतात हे वाचून पहिल्याच दिवशी लिहायचं होतं.

३-२-१ असा नियम आहे, पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे तो पसरला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आपल्याकडे त्या शेवटच्या एकाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ ला पुन्हा आलं. एसएसडी, एक्सटर्नल आणि कॅसेटीची पेटी एकाच खोलीत असेल तर त्या तीन प्रती नाहीत, एकच आहे.

---

गावभाग_सांगली

हे वाचून पोटात गोळा आला. २०१९ ला आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर टाकला आणि कॅसेटींची पेटी मी मांडीवर घेऊन बोटीतून निघाले होते. तेव्हा त्या फाइली नव्हत्याच.

काय केलं ते लिहिते. ५०० जीबीची सॅटा एसएसडी, टीएलसी, ५ वर्षं वॉरंटी. क्लोन न करता विंडोज नव्याने टाकलं, आजारी डिस्क पुन्हा पूर्ण वाचायला नको म्हणून. कॉम्प्युटर आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. दुसरी पोर्टेबल वेगळ्या कंपनीची घेतली, ती पुण्याला बहिणीकडे. दिवाळीला आणि मे महिन्यात बहीण इकडे येते, तेव्हा दोन्ही डिस्कची अदलाबदल करायची असं ठरलंय. फ्लॅकच्या प्रती वेगळ्या खात्यात चढवल्या. सगळं मिळून बजेटच्या काठावर बसलं. जुनी डिस्क फॉरमॅट न करता पिशवीत घालून ठेवलीये.

पुण्याला डिस्क पोचल्यावर बहिणीला म्हटलं, कुठलीही एक फाइल लाव. तिने २२ ए लावली आणि फोन स्पीकरवर ठेवला. दोघी ऐकत बसलो.

डीडीरेस्क्यूने ९ ए आणि ३१ ए आल्या, दोन ठिकाणी टकटक आहे, बाकी स्वच्छ. १७ बी मात्र सुरुवातीची अकरा मिनिटं येऊन पुढे नुसती खरखर. ती कॅसेट पुन्हा लावावी लागणार. माझा टेपरेकॉर्डर आता पट्टी ओढतोय, त्यात ती घालायचा धीर होत नाही, आणि तिच्या पट्टीला कडेने पांढरी बुरशी आहे.

सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोणाकडे चालू स्थितीतला, हेड स्वच्छ असलेला डेक आहे का? मी कॅसेट घेऊन येईन, समोर बसेन, जो खर्च होईल तो देईन. आवाजघर ताई, बुरशी काढायला तिला आधी तुमच्याकडे आणावी लागेल का?