हजेरी आणि वर्तनाच्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये असाव्यात का?

तासिका

आमच्या शाळेत पुढच्या सत्रापासून कागदी कॅटलॉग बंद होणार आणि दर तासाची हजेरी सॉफ्टवेअरवर घ्यायची, असं ठरलंय. निवड समितीत मी आहे. चाळून चाळून दोन प्रस्ताव उरलेत. एकात हजेरी, वर्तनाच्या नोंदी आणि पालकांना निरोप हे सगळं एकत्र. दुसऱ्यात फक्त हजेरी आणि विषयवार गटांची नोंदणी. वर्तनाचं आत्तासारखंच वर्गशिक्षकांच्या वहीत.

माझा कौल पहिल्याला आहे. एक मुलगा सकाळच्या हजेरीला असतो आणि चौथ्या तासाला नसतो. चौथ्या तासाच्या बाईंना वाटतं, बरं नसेल, घरी गेला असेल. सहाव्या तासाला तो परत वर्गात बसलेला असतो, आणि त्या तासाचे सर वहीत लिहितात, 'लक्ष नसतं, उलट उत्तरं देतो.' दोन शिक्षक, दोन वह्या, आणि दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नाही. त्या दोन नोंदी शेजारी शेजारी दिसल्या असत्या तर पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं, की चौथ्या तासाला नेमकं काय होतं रे? हजेरी आणि वर्तन वेगळं करणं म्हणजे अर्धी गोष्ट वाचणं आहे.

तुमचा अनुभव काय? विरोधी मतं मुद्दाम हवी आहेत.

खडूफळा

ताई, ठाम असहमत.

हजेरी ही वस्तुस्थिती आहे. मूल वर्गात होतं किंवा नव्हतं. 'उलट उत्तरं देतो' हे मात्र एका माणसाचं, त्या दिवशीचं, त्या मनःस्थितीतलं मत आहे. एकाच पडद्यावर, एकाच रंगाच्या चौकटीत दोन्ही आली की मतालाही वस्तुस्थितीचं वजन येतं. पुढच्या वर्षीचे शिक्षक मुलाचं तोंड बघायच्या आधी त्याचा तक्ता बघणार.

आणि हे मत सगळ्या मुलांच्या वाट्याला सारखं येत नाही. अमेरिकेत २००२ साली रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी शाळांमधल्या शिस्तीच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना कार्यालयात पाठवलं जात होतं ते धूम्रपान, तोडफोड, न सांगता निघून जाणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी. कृष्णवर्णीय मुलांना मात्र 'अनादर', 'फार गोंगाट', 'धमकीची भाषा' अशा कारणांसाठी, म्हणजे जिथे ठरवणाराच मोजमाप असतो तिथे. आता सॉफ्टवेअरच्या यादीत 'उद्धट' हा पर्याय तयार ठेवा आणि एका टिचकीत तो निवडता येऊ द्या. असे शेरे वाढतील की कमी होतील, तुम्हीच सांगा.

वहीत लिहायला शिक्षकाला पाच मिनिटं बसावं लागतं. त्या पाच मिनिटांत राग उतरतो. मला ती पाच मिनिटं हवी आहेत.

दोघांची_आई

पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलांच्या शाळेत असं एकत्रित ॲप आहे आणि त्यात गुण आहेत: मदत केली की अधिक, बोलला की उणे. सकाळी अकराला मी कामात असते आणि फोनवर येतं, 'उणे २, वर्गात व्यत्यय'. काय झालं ते कुठेच नाही. संध्याकाळी मूल दारात येतं तेव्हा माझा चेहरा आधीच बदललेला असतो. त्याला स्वतःहून सांगायची संधीच उरत नाही. पूर्वी तो यायचा, चपला काढायच्या आधीच सांगायला लागायचा, की आज बाई रागावल्या. आता विचारतो, 'तुला आलं का ॲपवर?'

गुणांबद्दल एक जुना प्रयोग आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांना घेतलं. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षीस ठरवून दिलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. जे आपणहून करत होती ते करायची इच्छाच विरली. मुलाने शेजारच्याला पेन्सिल द्यावी ती गुणासाठी, हे मला नको आहे.

हजेरीचा निरोप मात्र लगेच हवा. मूल शाळेत पोचलं नाही हे मला दुपारी नको, पहिल्याच तासाला कळायला हवं. त्याबद्दल दुमत नाही.

सर्व्हरवाला

मी शाळांची सॉफ्टवेअरं बसवून देतो, सांभाळतो. एकत्र की वेगळं, यावर भांडण्याआधी हजेरीचाच भाग नीट तपासा. समित्या रंगीत आलेख बघून निवड करतात आणि रोजच्या वापरात अडकतात.

पहिली गोष्ट. यादी उघडली की सगळी मुलं आपोआप 'हजर' दिसतात आणि शिक्षकाने फक्त गैरहजरांवर टिचकी मारायची, ही सोय विक्रेते हौसेने दाखवतात. वेळ वाचतो खरा. पण घाईत कुणी यादी न बघताच जतन केली, किंवा काही प्रणालींत यादी उघडलीच नाही, तरी अख्खा वर्ग हजर. आग लागून शाळा रिकामी करायची वेळ आली तर मैदानावर हीच यादी हातात असते. नसलेल्या मुलाला शोधायला कुणीतरी आत जाणार, किंवा आत राहिलेला बाहेर आहे असं समजणार. सुरुवात 'नोंद नाही' अशीच असली पाहिजे, आणि कुठल्या वर्गाची हजेरी अजून बाकी आहे ते कार्यालयात दिसलं पाहिजे.

दुसरी. प्रात्यक्षिक बघताना विक्रेत्याला सांगा: पर्यायी विषयाच्या गटातला एक विद्यार्थी आत्ता दुसऱ्या गटात हलवा. मग विचारा, मागच्या महिन्याची त्याची हजेरी कुठे गेली? बऱ्याच ठिकाणी ती जुन्या गटाबरोबर गायब होते किंवा नव्या गटात गैरहजर म्हणून उगवते. प्रॉक्सी तासाला आलेल्या शिक्षकाला ती यादी उघडता येते का? की तो कागदावर लिहून नंतर कुणाला तरी देतो? उशिरा आलेल्याची नोंद फाटकावर झाली आणि वर्गात गैरहजेरी आधीच लागली होती, तर कुठली खरी धरायची? स्पर्धेला गेलेलं मूल आणि रजेवर असलेलं मूल यांना वेगळी खूण आहे का? नेट गेलं तर? नोंद नंतर कुणी, कधी, काय बदलली याचा माग राहतो का?

चेहरा ओळखून हजेरी लावणारं कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ इथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग केला होता. संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २ लाख क्रोनर दंड केला, कारण विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, त्याची संमती मोकळी नसते.

आणि शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. डिसेंबर २०२४ मध्ये शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूल या मोठ्या कंपनीच्या ग्राहक-मदतीच्या पोर्टलमध्ये एक चोरलेलं लॉगिन वापरून कुणीतरी शिरलं आणि प्रचंड संख्येने विद्यार्थी-शिक्षकांची माहिती उचलली. कंपनीने खंडणी भरली. तरीही मे २०२५ मध्ये काही शाळांना त्याच माहितीवरून पुन्हा धमक्या आल्या. जे साठवलंय ते कधीतरी बाहेर जाऊ शकतं, हे धरूनच काय साठवायचं ते ठरवा. या मुद्द्यावर मी खडूफळा यांच्या बाजूला झुकतो.

पर्यवेक्षक_दुपारसत्र

खडूफळा सर, तुमच्या वहीबद्दल आदर आहे, पण वही छळ पकडत नाही. एका मुलीला तीन जणी सतावत होत्या. एकदा जिन्यात, एकदा प्रयोगशाळेबाहेर, एकदा बसच्या रांगेत. प्रत्येक वेळी बघणारे शिक्षक वेगळे आणि प्रत्येकाच्या दृष्टीने ती किरकोळ बाचाबाची होती. सगळं एकत्र मांडलं गेलं ते मुलगी शाळेत यायचंच नाही म्हणायला लागली तेव्हा. तिची गैरहजेरी आधी वाढली होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. कारण कुणालाच दिसत नव्हतं. तुमची पाच मिनिटं रागावलेल्या शिक्षकासाठी चांगली आहेत. त्या मुलीला त्यांचा काय उपयोग?

तासिका

पर्यवेक्षक, मला हेच म्हणायचं होतं.

दोघांची_आई, गुण नकोतच. ते बंद करता येत नसतील तर तो प्रस्ताव मीच बाद करेन. पण नोंद आणि गुण एक नव्हेत. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात तयार झालेल्या स्विस (SWIS) या वर्तन-नोंदींच्या प्रणालीत नोंद करताना जागा, वेळ, कोण कोण होतं, किरकोळ की गंभीर, मागचं संभाव्य कारण असं भरावं लागतं. तशी नोंद वाचून आधी शाळेबद्दल कळतं: मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सगळीकडेच भांडणं होतात, किंवा एका जिन्यात कुणाचं लक्षच नसतं. तिथे शिक्षक उभा केला की निम्मा प्रश्न मुलांना हात न लावता सुटतो. 'उद्धट' हा पर्याय यादीतून काढून टाकू आणि 'पुस्तक जमिनीवर फेकलं' असं जे दिसलं तेच लिहायची सक्ती करू. त्याआधी काय घडलं होतं, ही चौकट रिकामी ठेवून नोंद जतनच होणार नाही.

खडूफळा

पर्यवेक्षक, त्या मुलीपुढे माझी वही अपुरी आहे, हे मान्य. छळ आणि सुरक्षिततेच्या घटना एका जागी आल्याच पाहिजेत. पण त्या समुपदेशक आणि पर्यवेक्षक यांच्यापुरत्या. हजेरी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला नावापुढे लाल ठिपका दिसायची काय गरज?

तासिकाताई, तुमच्या चौकटी चांगल्या आहेत. तीसजणांचा वर्ग समोर बसलेला असताना त्या कोण भरणार? पहिल्या महिन्यानंतर 'आधी काय घडलं' मध्ये सगळे एकेक टिंब टाकून पुढे जातील. शिक्षकांना त्यासाठी वेळापत्रकात जागा देणार असाल तर बोला. आणि नोंद कधी पुसली जाणार? क्लासडोजो या वर्तनाचे गुण देणाऱ्या ॲपवर २०१४ मध्ये टीका झाली तेव्हा त्यांनी वर्तनाच्या नोंदी एका शालेय वर्षापलीकडे ठेवणार नाही असं जाहीर केलं. तुमच्या दोन्ही विक्रेत्यांकडून हे करारात लेखी घ्या. नुसतं 'सेटिंग आहे' म्हणाले तर सह्या करू नका.

दोघांची_आई

आणि आमच्या मुलांबद्दल जे लिहिलंय ते आम्हाला वाचता येईल का? मुलाला त्याची बाजू त्याच नोंदीखाली लिहिता येईल का? हे कुठल्याच प्रस्तावात नसेल तर समितीत एक पालक घ्या, ताई.

तासिका

मुलाची बाजू दोन्ही प्रस्तावांत नाही. आत्ताच पुन्हा वाचून पाहिलं. हा प्रश्न आणि नोंदी पुसण्याचा, दोन्ही उद्या विक्रेत्यांना लेखी पाठवते. पालक प्रतिनिधीचं मुख्याध्यापिकांशी बोलते. एकत्रित प्रणालीबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे, खडूफळा. लाल ठिपका काढू. चौथ्या तासाचा तो मुलगा कुणालातरी दिसायला हवा.