मदत हवी आहे: घड्याळाच्या हिशेबाने माझं घर दुपारी तीस मीटर वर जातं

नमस्कार मंडळी. राहणार इंदिरानगर, नाशिक. नोकरी अंबडला, रविवारी डोंगर. पन्नाशीची भेट म्हणून बायको आणि मुलीने मिळून उंची, हवेचा दाब आणि दिशा दाखवणारं घड्याळ दिलं. जीपीएस नाही, उन्हावर चार्ज होतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष घड्याळाचा की माझा हेच अजून ठरायचंय.

रविवारी सकाळी दहाला चहा घेताना उंची ६०० मीटर लावली. दुपारी चारला तीच खुर्ची, तोच मजला, आकडा ६३०. रात्री दहाला ६०५. सोमवार-मंगळवारी घड्याळ घरी ठेवून मुलीला फोटो पाठवायला लावले, तेच चित्र.

त्याआधी शनिवारी पहाटे तीनला घरी ६०० लावून बारीमार्गे कळसूबाईला गेलो होतो. साडेआठला देवळापाशी १५७५. शिखर १६४६ मीटरचं. सत्तर मीटर गेले कुठे? शिड्या तर सगळ्या मीच चढलोय, गुडघे साक्षीला आहेत.

शिवाय तापमान कायम तेहतीस-चौतीस दाखवतं, पहाटेच्या गार वाऱ्यातही. आणि पट्ट्याखाली पुरळ उठलंय.

दुकानदार म्हणतो, "सर, सेन्सर आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच." परत करायची मुदत गुरुवारपर्यंत. परत करून पदरचे पैसे घालून जीपीएसवालं घ्यावं का? बायकोचं म्हणणं, खिशात मोबाईल आहे की. होकायंत्राच्या सेटिंगमध्ये डेक्लिनेशन विचारतात, तिथे काय भरायचं तेही सांगा.

प्रतिसाद १

परत करू नका, ते खरं बोलतंय. हे घड्याळ उंची मोजतच नाही. ते दाब मोजतं आणि उंची हिशेबाने काढतं. नाशिकच्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) उतरला की आपण साधारण नऊ मीटर चढलो असं ते धरतं. आणि आपल्या उष्ण कटिबंधात दाबालाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सूर्यामुळे वातावरण तापतं, त्यातून ही लाट उठते. उन्हाळ्यात दहा ते चार एवढ्यात तीनेक हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. नऊने गुणा, तुमचं घर किती वर गेलं ते मिळेल.

कळसूबाईला दोन गोष्टी एकत्र आल्या. पहाटे तीनला दाब ओहोटीला होता, साडेआठला भरतीकडे निघालेला. त्यात पंधरा-वीस मीटर गेले. बाकीचे गरम हवेने खाल्ले. बहुतेक घड्याळांचा हिशेब प्रमाण वातावरणाचा असतो: समुद्रसपाटीला १५ अंश, पुढे दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. त्या हिशेबाने तुमच्या चढाईच्या मध्यावर, अकराशे मीटरवर, आठेक अंश हवेत. एप्रिलच्या सकाळी तिथे हुडहुडी भरली होती का? गरम हवा विरळ असते, तेवढंच चढूनही दाब कमी उतरतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात हजार मीटरच्या चढाईत पन्नास-साठ मीटर कमी दिसतात.

उपाय एकच, उंची माहीत असलेल्या जागी आकडा पुन्हा लावत राहायचा. नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, घरचा आकडा आधी तिच्याशी जुळवून घ्या. ट्रेकला पायथ्याचं गाव, खिंड, जिथली उंची नकाशात सापडेल तिथे. आणि मुक्कामाला पोचलात की घड्याळ बॅरोमीटर मोडवर टाका. तीन तासांत चार हेक्टोपास्कल घसरले तर वादळ जवळ आलं समजा, काही घड्याळं तेवढ्यावरच अलार्म देतात. रोजची दुपारची घसरण त्याहून संथ असते, तिला घाबरू नका.

डेक्लिनेशन म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, तो आपल्याकडे एका अंशाच्या आत आहे. शून्य राहू द्या. मोबाईलचा स्पीकर, बाईकवरच्या चुंबकाचा होल्डर यांच्यापासून मात्र लांब उभे राहून दिशा बघा.

प्रतिसाद २

मी उलट बाजूचा. जीपीएसवालं घेऊन दोन वर्षं झाली. श्रावणात ब्रह्मगिरीवर असं धुकं उतरलं की चार पावलांपुढचा मित्र दिसेना. आलेली वाट घड्याळ उलटी दाखवत होतं, तिच्यावरून उतरलो. मोबाईलनेही हे झालं असतं, वहिनींचं चूक नाही. पण ओल्या बोटांनी भर पावसात मोबाईल चालवून बघा म्हणजे कळेल.

आता त्रास. साल्हेरला दोन दिवस गेलो, वायर घरी राहिली, दुसऱ्या दुपारी घड्याळाचा डोळा मिटला. तुमचं उन्हावर चालतं, त्याचा हेवा वाटतो. हरिहरच्या कातळाला बिलगून चढताना आकाश अर्धंच दिसतं, सिग्नल भिंतीवर आपटून येतो, आणि घरी नकाशा बघावा तर मी दरीत तरंगत चढलेलो. हिरव्या दिव्याने मोजलेले हृदयाचे ठोके पट्टा सैल असला की वाट्टेल ते. पळायचं असेल तर छातीचा पट्टा घ्या. महिन्याला एक डोंगर एवढाच बेत असेल तर आहे ते ठेवा, असं माझं मत.

प्रतिसाद ३

तापमानात बिघाड नाही, ते तुमच्या कातडीचं आहे. घड्याळ काढून वीस मिनिटं सावलीत टांगा, मग वाचा. पुरळ बहुतेक घाम आणि साबण पट्ट्याखाली अडकल्याने. आंघोळीनंतर काढून पुसा, झोपताना उतरवा. घड्याळाच्या कडेला बारीक भोकं असतील तर ती दाब मोजणाऱ्या सेन्सरची. ट्रेकहून आल्यावर साध्या पाण्याखाली धरा. टाचणी घालू नका, मी घातली होती.

धागाकर्ता, गुरुवारी रात्री

सगळ्यांचे आभार. काल ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून स्टेशनवर गेलो, पाटीवरचा आकडा लावला आणि तडक घरी. प्लॅटफॉर्म तिकिटाचे पैसे वसूल. मग पांडवलेणी. पायथ्याशी एकदा वाचलं, वर एकदा, उतरल्यावर पुन्हा. पायथ्याचे दोन्ही आकडे दोन मीटरच्या फरकाने जुळले. आज दुपारी चारला मुलीचा फोटो आला, घर पुन्हा वर गेलेलं. खाली तिने लिहिलंय, "ओहोटी."

मुदत आज संपली, घड्याळ ठेवलंय. रबरी पट्टा मात्र जाणार. २४ मिलिमीटरचा नायलॉनचा पट्टा मेनरोडला कुणी घेतलाय का? कितीला मिळाला?