शब्दचर्चा: 'नेव्हल रिझर्व्ह अटॅक स्क्वॉड्रन'ला मराठीत काय म्हणायचं?

निशिगंध:
अमेरिकन नौदलाच्या व्हीए-२०४ या स्क्वॉड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, इतिहासाचा अनुवाद हातात आहे आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. मजकूर साधारण असा: १ जुलै १९७० रोजी टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या नौदल तळावर ही 'नेव्हल रिझर्व्ह अटॅक स्क्वॉड्रन' स्थापन झाली. आधी ए-४ स्कायहॉक, मग ए-७ कॉर्सेअर, पुढे मुक्काम न्यू ऑर्लिन्सला, आणि हॉर्नेट विमानं आल्यावर १ मे १९९१ पासून नाव व्हीएफए-२०४. मी लिहिलं 'नौदलाचे राखीव हल्लेखोर पथक'. तपासणाऱ्यांनी 'हल्लेखोर' खोडून 'आक्रमक' केलं. मला दोन्ही खटकतात. 'हल्लेखोर' म्हटलं की पोलीस ज्याच्या मागावर असतात तो माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि 'आक्रमक' हे तर स्वभावाचं विशेषण. 'अटॅक'ला तुम्ही काय वापरता?

डेकहँड:
काहीही वापरा, फक्त 'लढाऊ' नको. तो शब्द फायटरसाठी रुजला आहे. २०४ ज्या राखीव विंगमध्ये, म्हणजे अनेक स्क्वॉड्रनच्या गटात, होती तिच्यात व्हीएफ-२०१ आणि २०२ या फायटर, तर व्हीए-२०३, २०४, २०५ या अटॅक स्क्वॉड्रन होत्या. पाचही 'लढाऊ' केल्या तर त्या विंगची रचनाच वाचकाला कळणार नाही. फायटरचं काम हवेतल्या विमानाशी. स्कायहॉकचं काम जमिनीवरच्या किंवा पाण्यावरच्या लक्ष्यावर बॉम्ब आणि रॉकेटं टाकणं. त्यासाठी आपल्याकडे 'मारा' हा नेमका शब्द आहे: तोफांचा मारा, दगडांचा मारा. म्हणून 'मारा विमान', 'मारा स्क्वॉड्रन'. आणखी एक फायदा असा की १९९१ मध्ये व्हीए चं व्हीएफए का झालं तेही आपोआप उलगडतं. हॉर्नेट दोन्ही कामं करतं, म्हणून 'लढाऊ-मारा'.

त्र्यंबक:
व्हीए मधला 'व्ही' फ्रेंच 'व्होले' म्हणजे उडणे यावरून आला आहे. त्यामुळे 'उड्डाण' हा शब्द अनुवादात कुठेतरी यायला हवा.

डेकहँड:
त्र्यंबकराव, ते ठामपणे लिहू नका. १९२० च्या वर्गीकरणात हवेपेक्षा जड ते 'व्ही' आणि हवेपेक्षा हलकं, म्हणजे फुगे आणि वायुनौका, ते 'झेड' असं ठरलं. हीच अक्षरं का, याचा पक्का पुरावा सापडलेला नाही. 'व्होले' हा मागाहून लावलेला तर्क आहे.

रोहिणी:
'अटॅक'पेक्षा मला 'राखीव' जास्त अडचणीचा वाटतो. महाराष्ट्रात 'राखीव' आणि दल हे शब्द जवळ आले की राज्य राखीव पोलीस दल आठवतं. तिथला जवान पूर्णवेळ नोकरीत असतो, राखीव असते ती तुकडी. अमेरिकन नेव्हल रिझर्व्हमधला बहुतांश माणूस एरवी नागरी नोकरी करतो आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार व वर्षातले सुमारे दोन आठवडे नौदलाला देतो. 'राखीव' वाचून मराठी वाचक उलटा अर्थ घेणार. प्रादेशिक सेना म्हटलं की लोकांना अर्धवेळ सैनिक कळतो, पण 'प्रादेशिक नौदल' म्हणता येत नाही. 'अंशकालीन' कागदी आहे, तरी खरं सांगणारा आहे.

मोडीवाचक:
आपल्याकडे या प्रकारच्या माणसाला नाव होतं. पावसाळ्यात शेतावर आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की मुलखगिरीवर, असा तो शिलेदार. 'शिलेदार स्क्वॉड्रन' म्हणून पाहा. इंग्रजीची उष्टावळ कशाला?

रोहिणी:
शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं असतं. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. स्कायहॉक काही वैमानिक घरून आणत नाही. तुमचाच नियम लावला तर हे सगळे बारगीर.

मोडीवाचक:
घोड्याचा मुद्दा मान्य. पण शेती आणि स्वारी हा जोडधंदा शब्दात आला पाहिजे, तो 'राखीव'मध्ये येत नाही, एवढं तरी मान्य करा.

डेकहँड:
रोहिणीताईंच्या मुद्द्यामागे त्या स्क्वॉड्रनचा जन्मच आहे. २३ जानेवारी १९६८ ला उत्तर कोरियाने 'प्युब्लो' हे अमेरिकन जहाज पकडलं. त्यानंतर नौदलाच्या सहा राखीव स्क्वॉड्रन सेवेत बोलावल्या: तीन मारा (व्हीए-७७६, ८३१, ८७३) आणि तीन लढाऊ (व्हीएफ-६६१, ७०३, ९३१). बोलावल्यावर लक्षात आलं की विमानं ताफ्यातल्या विमानांपेक्षा जुनी आहेत आणि थेट विमानवाहू जहाजावर पाठवावी इतकी तयारी नाही. लढाईचं तोंड न बघता त्या त्याच वर्षी मोकळ्या झाल्या. माणसं अनुभवी होती, पण साहित्य आणि सराव जुळत नव्हता. म्हणून १९७० मध्ये मांडणी बदलली. नियमित ताफ्यासारख्याच दोन अख्ख्या विंग उभ्या केल्या, २० आणि ३०. विंग २० च्या मारा स्क्वॉड्रन २०३, २०४, २०५ आणि विंग ३० च्या ३०३, ३०४, ३०५. आकड्यावरूनच विंग कळते. तेव्हा या मजकुरात 'राखीव'चा अर्थ 'बाजूला ठेवलेलं' असा लागला तर १९७० चा बदल कशासाठी झाला तेच हरवतं.

निशिगंध:
हे फार उपयोगाचं आहे. याच मजकुरात पुढे 'ड्रिल वीकेंड' आहे. मी 'कवायतीचा शनिवार-रविवार' केलंय. ते ठीक ना?

रोहिणी:
नाही हो, बदला ते! कवायत म्हणजे सावधान-विश्राम आणि संचलन. इथे 'ड्रिल' हे हजेरीचं आणि पगाराचं माप आहे. किमान चार तासांचं एक ड्रिल, दिवसाला दोन, म्हणून एका शनिवार-रविवारी चार आणि वर्षाला अठ्ठेचाळीस. वैमानिकाचा हात तेवढ्यात टिकत नाही, म्हणून त्याला उड्डाणासाठी जादा सत्रं वेगळी मिळतात. 'कवायत' लिहिलंत तर पुढच्या परिच्छेदात 'त्याने वर्षात ४८ कवायती केल्या' असं वाक्य येईल आणि वाचक मैदानात उभा राहील. 'हजेरीसत्र' करा.

त्र्यंबक:
'हजेरी' अरबी, 'सत्र' संस्कृत. असा संकर कानाला बरा वाटत नाही. 'उपस्थिती-सत्र' का नको?

रोहिणी:
'हजेरीपट' गावोगाव चालतो, त्यातही हजेरी अरबी आणि पट संस्कृत. कुणाच्या कानाला त्रास झाल्याचं ऐकलं नाही.

डेकहँड:
'ट्रॅप' आला तर 'सापळा' करू नका, एवढंच आत्ताच सांगून ठेवतो. विमानाच्या शेपटीखालचा आकडा (हुक) विमानवाहू जहाजाच्या डेकवरच्या तारेत अडकवून उतरणं म्हणजे ट्रॅप. त्या काळी अमेरिकन जहाजांवर चार तारा आडव्या ताणलेल्या असत आणि नेम तिसरीवर धरायचा. चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात नेतो, कारण आकडा चारही तारा चुकला तर तिरक्या डेकवरून परत हवेत जायला वेग लागतो. म्हणून 'तार पकडून थांबला' असं साधं लिहा. आणि आणखी एक: मूळ मजकुरात ए-७ चे बी आणि ई असे प्रकार आले तर ते अक्षर गाळू नका. बी ला टीएफ३० इंजिन आणि २० मिमीच्या दोन एकनळी तोफा, ई ला टीएफ४१ इंजिन आणि सहा नळ्यांची एकच फिरती तोफ. बाहेरून भाऊ-भाऊ दिसतात, पण इंजिनाचे सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. ताफ्याकडे ई आणि राखीवकडे बी, असं असलं की ऐन वेळी सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही अडतात. १९६८ चं दुखणं हेच होतं. नुसतं 'कॉर्सेअर' लिहिलं तर हा सगळा मुद्दा बुडतो.

गोंयकार:
'स्क्वॉड्रन'ला 'पथक' कशाला? दाबोळीला आयएनएस हंसावर कुणीही 'पथक' म्हणत नाही, स्क्वॉड्रनच म्हणतात. आपल्या नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन, व्हाइट टायगर्स, हिचं उदाहरण घ्या. १९७१ च्या डिसेंबरात 'विक्रांत'वरून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ले केले. पुढे सी हॅरियर आली. २०१६ मध्ये हॅरियरना हंसावर निरोप दिला आणि तोच क्रमांक मिग-२९के कडे गेला. विमानं तीन, स्क्वॉड्रन एक. 'पथक' म्हटलं की ते काम झालं की मोडणारं वाटतं. परीक्षेतली कॉपी पकडणारं भरारी पथक असतं तसं.

मोडीवाचक:
गोंयकार, इथे मी अजिबात हटणार नाही. पेशवाईत पथक म्हणजे सरदाराच्या नावाने वर्षानुवर्षं चालणारी फौज, सरंजामावर पोसलेली, बाप गेला तर मुलाकडे येणारी. क्रमांक कायम आणि घोडे बदलते, म्हणजे तुमच्याच ३०० सारखं. भरारी पथकाने तो शब्द लहान केला असेल तर तो मोठा करणं आपलं काम आहे. आणि 'स्क्वॉड्रन' तरी कुठला अस्सल? इटालियन 'स्क्वाड्रा', म्हणजे चौकोनात उभं केलेलं सैन्य.

गोंयकार:
'आरमार' तरी कुठलं? पोर्तुगीज 'आर्मादा'. आंग्र्यांच्या तोंडी तो शब्द बसला, तसा 'स्क्वॉड्रन' आमच्या तोंडी बसला. बोलणाऱ्यांनी शब्द स्वीकारला की तो त्यांचा.

त्र्यंबक:
मग ती स्क्वॉड्रन की ते स्क्वॉड्रन? निशिगंध यांनी स्त्रीलिंगी लिहिलंय, माझ्या कानाला नपुंसकलिंगी बरं वाटतं, पथकामुळे.

गोंयकार:
ती. तुकडी, पलटण, फौज, सगळ्या 'ती'च.

मोडीवाचक:
दल, सैन्य, लष्कर, पथक. सगळी 'ते'.

डेकहँड:
लिंग काहीही ठेवा, पण क्रियापदाकडे बघा. जहाज सेवेत 'दाखल' होतं आणि 'निवृत्त' होतं. अमेरिकन नौदलात स्क्वॉड्रनसाठी वेगळे शब्द आहेत: ती 'स्थापन' होते आणि 'विसर्जित' होते. विंग ३० ची व्हीए-३०४ कॅलिफोर्नियातल्या अलामेडाला १९७० मध्ये स्थापन झाली, शेवटी ए-६ इंट्रूडर चालवत होती आणि ३१ डिसेंबर १९९४ ला विसर्जित झाली. तिथे इतिहास संपला. २०४ चं फक्त नामांतर झालं, म्हणून तिचा १९७० पासूनचा इतिहास अखंड मोजतात. २०२२ मध्ये ती व्हीएफसी-२०४ झाली, एफ-५ विमानं घेऊन सरावात शत्रूची भूमिका करणारी, तरीही स्थापनेचं साल १९७० च. अनुवादात '१९९१ मध्ये नवी स्क्वॉड्रन स्थापन झाली' असं गेलं तर ते सरळ चूक ठरेल.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार. 'कवायत' काढली, नामांतराचं वाक्य सुधारलं, ए-७ चे बी आणि ई परत घातले. पहिलं वाक्य सध्या असं आहे: 'नौदलाच्या अंशकालीन राखीव दलातील मारा स्क्वॉड्रन'. तपासणाऱ्यांचं म्हणणं, 'मारा स्क्वॉड्रन' हे आज्ञार्थी वाचलं जातं, कुणीतरी स्क्वॉड्रनला मारायला सांगतंय असं.

डेकहँड:
मध्ये जोडरेघ द्या. 'मारा-स्क्वॉड्रन'.

मोडीवाचक:
'मारा-पथक' लिहा, जोडरेघेसकट.

गोंयकार:
जोडरेघ चालेल. पथक नाही.