डिसेंबरात स्की टीमबरोबर आठ दिवस, सातारकराला झेपेल का?

यवतेश्वर_२१
नमस्कार मंडळी. मिनियापोलिसला एमएसचं पहिलं वर्ष, मूळचा सातारचा. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून तीनदा हाफ मॅरेथॉन केलीय. इथे पळणाऱ्यांचा ग्रुप शोधत होतो, तर लॅबमधल्या एकाने कॉलेजच्या नॉर्डिक स्की क्लबात ओढला. डोंगरावरून खाली सुसाट येतात ते स्कीइंग नव्हे. सपाटीला, चढाला, जंगलातून स्वतःच्या दमावर जायचं ते, क्रॉस-कंट्री. क्लबच असल्यामुळे ज्याने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय त्यालाही घेतात. दोन महिने डांबरी रस्त्यावर रोलर स्कीवर (चाकं लावलेली स्की) सराव केला. दोन्ही कोपरं सोलून निघालीत.

आता २७ डिसेंबरपासून ट्रेनिंग कॅम्प. मिशिगनमध्ये आयर्नवूडजवळ १४ जण, एक केबिन, ८ दिवस, रोज दोनदा स्कीइंग. आईने सुती थर्मलचे दोन जोड पाठवलेत, ते चालतील का? कॅप्टन म्हणते क्लासिक (चालल्यासारखी सरळ सरकायची) आणि स्केट (स्केटिंगसारखी तिरकी ढकलायची) दोन्ही स्की मिळतील, पण मी आधी कशावर उभं राहू? स्वयंपाक पाळीपाळीने आहे आणि मी शाकाहारी. शिवाय आईला मी "मित्रांबरोबर सहल" एवढंच सांगितलंय, तेव्हा त्यावर प्रवचन नको.

सुपिरिअरकाठी
डुलुथला १९ वर्षं झाली. मीही तिशीनंतरच शिकलो, तेव्हा घाबरू नका.

सुती थर्मल आत्ताच बॅगेतून काढा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि तुम्ही थांबलात की तोच घाम अंगावर गार पडतो. उणे १५ मध्येसुद्धा माणूस घामाघूम होतो. अंगालगत मेरिनो लोकर, वरून वारा अडवणारं पातळ जाकीट, बस. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, पार्किंगमध्येच ऊब वाटली तर एक कपडा जास्त झालाय. जाड जाकीट थांबल्यावर चढवायला. आणि पुरुषांसाठी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रं मिळतात, ती घ्या. आत्ता हसाल, पण पहिल्या लांब उतारावर माझी आठवण काढाल. बाटलीत गरम पाणी भरून ती उलटी ठेवा, म्हणजे वरून गोठलं तरी तोंडाशी पाणी राहतं.

आयर्नवूड कशाला, तर बर्फासाठी. डिसेंबरात सुपिरिअर सरोवर गोठलेलं नसतं. वायव्येचा कोरडा वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि अलीकडच्या टेकड्या चढताना तिचा बर्फ करून टाकतो. आपल्याकडे सह्याद्री पावसाचं करतो तसंच. बाकी ठिकाणी आता भरवसा नाही. विस्कॉन्सिनमधली बर्कबायनर ही केबल ते हेवर्ड सुमारे ५० किलोमीटरची जंगलातली शर्यत. २०१७ मध्ये बर्फाअभावी ती रद्दच झाली आणि २०२४ मध्ये कृत्रिम बर्फाच्या १० किलोमीटरच्या फेऱ्यांवर उरकली, घाण्याच्या बैलासारखी.

सुरुवात क्लासिकने करा. ती स्की पायाखाली कमानीसारखी उचललेली असते. सगळं वजन एका पायावर आलं की कमान दबते आणि तिथे तळाला चोपडलेलं वॅक्स बर्फाला धरतं, वजन काढलं की सुटतं. हिरवं वॅक्स कडाक्याला, मग निळं, शून्याजवळ जांभळं, त्याच्या वर लाल. पाऊस पडून पुन्हा गोठलेल्या बर्फाला क्लिस्टर नावाचा चिकट राळेसारखा प्रकार लागतो, त्यापासून जपून. जुनं फ्लोरिनवालं वॅक्स कुणी देऊ केलं तर नको म्हणा. २०२३-२४ पासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर बंदी आहे.

शेवटचं. तुमचा दम तयार आहे, तोल नाही. पळणारे लोक दमाच्या जोरावर पुढच्याला गाठायला जातात आणि तिसऱ्या दिवशी आडवे होतात. असा कॅम्प वेगासाठी नसतो, बर्फावर जास्तीत जास्त तास मिळावेत म्हणून असतो. गप्पा मारता येतील त्याच वेगाने जा.

मिनेटोंकाची_आई
लेक शाळेच्या नॉर्डिक टीममध्ये होती, अशा केबिनमध्ये मीही रांधलंय. डाळ-तांदूळ, बेसन आणि कांदे-लसूण घेऊन जा आणि पहिली पाळी स्वतःच मागून घ्या. भुकेली पोरं काहीही खातात. तिळाच्या वड्याही न्या, खिशात गोठत नाहीत. एनर्जी बारचा उणे १५ ला दगड होतो. (आणि आईला सांगा बरं. एवढंच म्हणते.)

गारठलेला_नागपूरकर
आम्ही ४६ डिग्रीतून आलो, तुमचं उणेबिणे वाचूनच स्वेटर घातला.

यवतेश्वर_२१
काल परत आलो. काका, तुमचा सल्ला दुसऱ्याच सकाळी मोडला. कॅप्टन पुढे तिच्या थीसिसबद्दल शांतपणे बोलत चाललेली आणि मी मागे कुत्र्यासारखा धापा टाकत. मान्य होईना. एका चढावर जोर लावून तिला गाठलं, पुढच्याच वळणावर स्प्रूसच्या झाडात गेलो. तिसऱ्या दिवशी मांड्या उचलेनात. मग तिने माझे दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) काढून घेतले आणि सकाळभर नुसत्या पायांवर चालवलं. हातांचा आधार नाही म्हटल्यावर एका पायावर पुरतं उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा शाळेतली लेझीम आठवली. वजन इकडे, थांब, वजन तिकडे. मनात हलगी वाजवत गेलो आणि स्की पहिल्यांदा आपली आपण सरकली. चारेक मीटर असेल. ओरडलोच.

एका सकाळी उणे २४ होतं. उणे २० च्या खाली आंतरराष्ट्रीय शर्यतसुद्धा घेत नाहीत म्हणे, मग आम्हीही दुपारपर्यंत चुलीपाशी बसलो. साडेचारच्या आत सूर्य मावळायचा, त्यामुळे दुसरी फेरी डोक्याला दिवा बांधून. माझ्या उजेडातलं दहा पावलांचं बर्फ आणि स्कीचा आवाज, बाकी काही नाही. मला तीच वेळ सगळ्यात आवडली.

ताई, पिठलं-भात १४ जणांत वीस मिनिटांत संपला. पुढच्या पाळीतून सुटकाच नाही.

आईला मी सांगणारच होतो, पण टीमने फोटो टाकला, माझ्या पापण्यांवर बर्फ जमलेला. आतेभावाने तो घरच्या ग्रुपवर नेला. आईचा एकच मेसेज: "कानटोपी कुठंय?"

आता एक अडचण. क्लिस्टर जाकिटाला लागलंय, केसांनाही थोडं. कसं काढायचं?

सुपिरिअरकाठी
जाकीट रात्रभर बाल्कनीत टांगा, कडक झालं की नखाने खरवडा. केस कापा.